वाटी रिकामी परत जात नाही

आईच्या लग्नात आहेरात आलेला एक स्टीलचा डबा आमच्या घरी आहे. पंधरा-वीस लाडू मावतील एवढा, घट्ट झाकणाचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, ‘मामांकडून, १९८१’. भांड्यांच्या दुकानात टर्रर्र आवाज करत नावं घालणारं ते छोटं यंत्र असतं ना, त्याने घातलेलं. २०१५ च्या जूनमध्ये मी नोकरीसाठी टोक्योला निघाले तेव्हा आईने त्यात मेतकूट भरून दिलं आणि बजावलं, “डबा परत आण गं, मामांचा आहे.” पुढची जवळजवळ चार वर्षं तो डबा टोक्योत दोन घरांमध्ये ये-जा करत होता, आणि त्याच्या प्रत्येक फेरीबरोबर मला एकेक नवा बँड भेटत गेला. जपानी मेलॉडिक पंक, म्हणजे जलद, गोंगाटी पण सुरेल रॉक, मी ऐकायला लागले ते असं.

मी पुण्यात जपानी शिकले आणि भाषांतरावर पोट भरते. कथा-कवितांचं भाषांतर नव्हे. यंत्रांची माहितीपुस्तकं, तपासणीचे अहवाल, चुका दुरुस्त केल्याच्या नोंदी. टोक्योतल्या कचेरीत माझ्याकडे आणखी एक काम होतं. जपानी इंजिनिअर इंग्रजीत जे लिहीत, ते परदेशी पाठवण्याआधी मी नीट करायचं. दिवसभर मी त्यांच्या वाक्यांत ‘अ’ आणि ‘द’ पेरत बसायचे. जपानी भाषेत ही उपपदं नाहीतच, त्यामुळे कुठे घालायची आणि कुठे नाही हे त्यांना कितीही वर्षं शिकून अंगवळणी पडत नाही. एकवचन-अनेकवचनाचंही तसंच. हे काम मी मन लावून करायचे आणि त्यात मला समाधानही होतं. चुकीचं वाक्य दिसलं की हात शिवशिवायचे.

आमच्या गटात चाळिशी ओलांडलेले एक सहकारी होते. त्यांना मी इथे सेम्पाई म्हणते; जपानीत आपल्याआधी आलेल्या अनुभवी माणसाला असंच म्हणतात. अतिशय अबोल माणूस. सगळे गेल्यावर उशिरापर्यंत थांबायचे, कानावर मोठे हेडफोन. एका रात्री आम्ही दोघंच उरलो होतो आणि त्यांच्या हेडफोनमधून झिरपणारा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. ढोलाचा धडधडाट होता, पण त्याच्या वर एक गाणारा सूर तरंगत होता, आणि तो सूर मला ओळखीचा वाटला. गाणं ओळखीचं नव्हतं. सुराचा स्वभाव ओळखीचा होता. मी विचारलं, काय ऐकताय? त्यांनी हेडफोन काढले, थोडे गोंधळले आणि म्हणाले, “हाइसुता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर सीडी होती. हाय-स्टँडर्ड या बँडचा १९९९ चा अल्बम, ‘मेकिंग द रोड’. जपानी लोक सगळं आखूड करतात, तसं हाय-स्टँडर्डचं त्यांनी ‘हाइसुता’ केलंय. मुखपृष्ठाच्या डाव्या कडेला कागदाची उभी पट्टी होती. किमोनोच्या कमरपट्ट्याला ओबी म्हणतात, आणि या पट्टीलाही ओबीच म्हणतात. त्यावर अल्बमचं नाव आणि किंमत असते. बहुतेक देशांत असली पट्टी लोक वेष्टनाबरोबर कचऱ्यात टाकतील. जपानमध्ये ती जपून ठेवतात, आणि जुन्या मालाच्या दुकानात पट्टी हरवलेल्या तबकडीला कमी भाव येतो. सेम्पाईंची पट्टी सोळा वर्षांनंतरही कोरी होती, कुठे दुमड नाही. एवढ्या जपलेल्या वस्तूला हात लावतानाच मला दडपण आलं.

घरी, निशी-कासाईच्या खोलीत, मी ती लावली. त्यातलं ‘स्टे गोल्ड’ हे गाणं मी त्या रात्री किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. दोन-अडीच मिनिटांचं गाणं. गिटारची एक ओळ आधी एकटीच येते आणि मग तिघंही एकदम धावत सुटतात. तिघंच आहेत ते. अकिहिरो नांबा गातात आणि बेस वाजवतात, केन योकोयामा गिटारवर, अकिरा त्सुनेओका ड्रम्सवर. या संगीतात ड्रमचा ठेका अगदी साधा असतो, खालचा मोठा ढोल आणि वरचा कडक, आलटून पालटून, पण इतका जलद की वेगळे ठोके ऐकू येण्याऐवजी पायाखालची जमीन थरथरतेय असं वाटतं. गिटार जाड, भरलेली. आणि या सगळ्याच्या वर चाल.

चाल हा शब्द मी मुद्दाम वापरते. माझी आई प्राथमिक शाळेत शिकवायची. पाठ्यपुस्तकातली प्रत्येक कविता तिने चालीत बांधलेली असायची आणि वर्गात तिचं एकच वाक्य असायचं, “नुसती वाचू नका रे, चालीत म्हणा.” चाल लागली की कविता पाठ होते, अर्थ नंतर कळला तरी चालतो. मेलॉडिक पंकमध्ये मला हेच सापडलं. तो गोंगाट बाजूला सारून, वेग निम्मा करून मी ‘स्टे गोल्ड’ची चाल नुसती गुणगुणून पाहिली, तर ती चक्क झोपाळ्यावर म्हणता येईल अशी निघाली. गोड, आणि गोडाच्या खाली किंचित कातर. हे कातरपण जपानी बँडमध्ये मला फार जाणवतं. जपानमध्ये या संगीताला ‘मेलोकोर’ म्हणतात, म्हणजे त्यांच्या उच्चारात ‘मेरोकोआ’. आणि त्यांच्या लेखी यात ‘मेरो’, म्हणजे चाल, आधी येते.

मग मी गीतपत्रिका उघडली आणि थबकले. गाणी इंग्रजीत होती आणि इंग्रजी सेम्पाईंच्या अहवालांसारखं होतं. उपपदं गायब. क्रियापदांचे काळ एका ओळीत एक, दुसरीत दुसरे. ज्या वाक्यांवर दिवसा मी लाल खुणा केल्या असत्या, ती इथे छापून, गाऊन, लाखोंच्या संख्येने विकली गेली होती. हात शिवशिवले, हे कबूल करते. पण दुसऱ्यांदा, दहाव्यांदा ऐकताना लक्षात आलं की मला त्यात एकही शब्द बदलता येणार नाही. एक ‘द’ वाढवला तर चालीला एक ठोका जास्त होतो. शिवाय त्या इंग्रजीत कसलीही चलाखी नव्हती. ज्याला त्या भाषेत हजार शब्द येतात तो माणूस सगळ्यात महत्त्वाचं तेच बोलतो: मित्र, रस्ता, उद्या, निरोप. परक्या भाषेत आडवळण घेता येत नाही, माणसाला सरळच बोलावं लागतं. पुढे बऱ्याच बँडच्या गीतपत्रिका पाहिल्या. अनेकांत इंग्रजी ओळींच्या खाली किंवा शेजारी जपानी अर्थ दिलेला असतो. मी भाषांतरकार, मी ते दोन्ही शेजारीशेजारी ठेवून वाचायचे. जपानी मजकूर जास्त सफाईदार असायचा. पण मन जायचं ते इंग्रजीकडेच.

सीडी परत द्यायची वेळ आली तेव्हा दिवाळी होती. मी रव्याचे लाडू केले होते. आमच्याकडे शेजारून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत जात नाही. काही नाही तर चार शेंगदाणे, एखादं लिंबू घालून जाते. आईने कधी हे समजावून सांगितल्याचं आठवत नाही, ती फक्त तसं करायची. म्हणून मी डब्यात लाडू भरले, वर सीडी ठेवली आणि सेम्पाईंना दिली. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. हे काय लिहिलंय? मी सांगितलं, आईच्या मामांनी दिलेला डबा आहे, तसं लिहिलंय. ते म्हणाले, “म्हणजे हा डबा आधीच कुणाकडून तरी आलेला आहे.” आणि पुढच्या सोमवारी डबा परत आला. लख्ख घासलेला, निळ्या फुरोशिकीत, म्हणजे वस्तू बांधायच्या चौकोनी कापडात, गाठ मारून बांधलेला. आत सेम्बेई, म्हणजे तांदळाच्या खारट चकत्या, आणि गाठीखाली दुसरी सीडी. मला माहीत असायला हवं होतं. जपानीत याला ओकाएशी म्हणतात, मिळालेल्याची परतफेड. वाटी तिथेही रिकामी जात नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी कधी ठरवलं नाही, पण डबा थांबला नाही.

दुसऱ्या फेरीत आला तो १९९५ चा ‘ग्रोइंग अप’. हाय-स्टँडर्ड १९९१ साली टोक्योत सुरू झाला. कॅलिफोर्नियात तेव्हा जलद आणि सुरेल पंकची लाट होती, आणि या तिघांनी ती लाट तबकड्यांतून ऐकून आत्मसात केली. आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या फॅट रेक कॉर्ड्स या कंपनीच्या तबकड्या जपानी पोरं मन लावून ऐकत होती, त्याच कंपनीने ‘ग्रोइंग अप’ अमेरिकेत काढला. उसनं आणलेलं पीठ भाकरी होऊन परत गेलं. अमेरिकन बँडपेक्षा वेगळं काय आहे यात? मला विचाराल तर निरागसपणा. त्या काळच्या कॅलिफोर्नियन पंकमध्ये टवाळी भरपूर होती. हाय-स्टँडर्डमध्ये ती फार थोडी, आणि जी आहे ती लहान मुलांच्या खोडीसारखी. जेव्हा ते मनापासून गातात तेव्हा स्वतःला वाचवायला काही हातचं राखत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला हस्किंग बी हा बँड आला, १९९६ चा ‘ग्रिप’. तो पिझ्झा ऑफ डेथ या कंपनीने काढलेला. नाव ऐकून मी दचकले होते, पण ही कंपनी म्हणजे या सगळ्या गोष्टीचं स्वयंपाकघर आहे. मोठ्या कंपनीच्या छताखाली सुरू झालेलं हे लेबल १९९९ साली केन योकोयामांनी स्वतंत्र केलं, आणि ‘मेकिंग द रोड’ त्याच स्वतंत्र लेबलवर निघाला. देशातल्या मोठ्या कंपन्यांच्या मदतीशिवाय एक पंक अल्बम लाखोंनी खपला. दोन वर्षांनी ओकिनावाच्या मंगोल ८०० नावाच्या बँडने ‘मेसेज’ काढला आणि तो ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या, यादीत पहिला आला. कुठल्याही स्वतंत्र लेबलच्या अल्बमला त्याआधी ते जमलं नव्हतं. शाळेत असताना बँड सुरू केलेली मुलं होती ती. त्यांची गाणी अजूनही जपानी शाळांच्या कार्यक्रमांत मुलं गातात.

दीडेक वर्षाने मला वाटलं, सेम्पाईंकडून नुसतं घेत बसणं बरं नाही, आपणही शोधायला हवं. मग शनिवारी मी निघायचे. तोझाई मार्गाने कुदानशिता, तिथे हानझोमोन मार्गाने शिबुया, तिथून इनोकाशिराच्या छोट्या गाडीने शिमोकिताझावा. अरुंद गल्ल्या, जुने कपडे विकणारी दुकानं, आणि तबकड्यांची दुकानं. पहिल्या दिवशी डिस्क युनियनमध्ये शिरले तेव्हा हजारो तबकड्यांपुढे भांबावून उभी राहिले. मग कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या: अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

मी तिथेच हसले. जपानी ‘काना’ अक्षरांचा हा क्रम पुण्यात पहिल्या महिन्यात पाठ केला होता, पण त्याचा अर्थ तेव्हा मनात उतरला नव्हता. हा क्रम आपला आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम लिपीतलं संस्कृत शिकताना वर्णमालेची रचना पाहिली आणि जपानी अक्षरं त्याच रांगेत लावली. अ, इ, उ, ए, ओ. मग क, मग च-वर्गाच्या जागी ‘सा’, मग त, न, मग प-वर्गाच्या जागी ‘हा’ (जपानीतला हा ‘ह’ फार पूर्वी ‘प’ होता), मग म, य, र, व. म्हणजे हाय-स्टँडर्ड शोधायचा तर ‘न’ आणि ‘म’च्या मधे, जिथे आपण ‘प’ शोधू तिथे. इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी वाटीभर व्याकरण नेलं होतं, आणि आता त्याच रांगेत बोटं फिरवत मी पंकच्या तबकड्या शोधत होते. त्या दुकानात मला पुन्हा कधी परकं वाटलं नाही.

त्याच रांगेत ‘हा’च्या पुढच्या भागात, ‘बु’मध्ये, मला ब्लू हार्ट्स सापडले. ते मेलोकोरच्या आधीचे. १९८५ साली जमलेले, १९८७ मध्ये पहिला अल्बम, १९९५ मध्ये थांबले. ते जपानीत गातात, आणि एका अक्षराला एक सूर, इतकं स्वच्छ की पहिली-दुसरीतलं मूल सोबत गाऊ शकतं. जपानी भाषा मात्रांवर चालते. टोक्यो हा शब्द त्यांच्या मोजणीने चार मात्रांचा, तो-ओ-क्यो-ओ; आणि आपल्या मात्रावृत्तात मोजला तर दोन गुरू, चारच मात्रा. मला वाटतं ब्लू हार्ट्सची गाणी माझ्या कानाला लगेच का रुचली याचं उत्तर इथे आहे. ती शाळेतल्या कवितांसारखी मोजून बांधलेली आहेत. त्यांचे गायक हिरोतो कोमोतो मूळचे ओकायामाचे. मी हे आईला फोनवर सांगितलं, कारण सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात, पु. ल. देशपांडे उद्यानात, ती रोज सकाळी फिरायला जाते. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती बाग आखली आहे. आई म्हणाली, “अगं, मग तो मुलगा लहानपणी तसल्याच बागेत खेळला असेल.” असेलही.

पण माझा सगळ्यात जीव जडला तो सात इंची तबकड्यांवर. स्नफी स्माइल नावाचं टोक्योचं एक छोटं लेबल आहे. नव्वदच्या दशकापासून त्यांनी सात इंची तबकड्यांचा सपाटा लावला आणि त्यातल्या कितीतरी ‘स्प्लिट’. म्हणजे एका तबकडीवर दोन बँड. एका बाजूला एक, उलटवली की दुसरा. बऱ्याचदा एक बाजू जपानी बँडची आणि दुसरी इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणाची. लव्हमेन, आय एक्सक्यूज, मायनॉरिटी ब्लूज बँड ही नावं मी या लेबलमुळे शिकले. यांचं संगीत हाय-स्टँडर्डसारखं उन्हात न्हालेलं नाही. यांना इंग्लंडमधल्या संडरलंडच्या लेदरफेस या बँडचं वेड होतं. खरखरीत, घसा फाडून गाणारा आवाज, आणि त्याच्या पाठीमागे गिटारांनी विणलेली विलक्षण सुंदर चाल. नोकरी करून, शनिवार-रविवारी वाजवणाऱ्या माणसांचं संगीत आहे ते. ऐकताना कळतं की शुक्रवारचा शीण अजून अंगात आहे.

एक तबकडी जवळून दाखवते. तळहातापेक्षा थोडी मोठी. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत कागदाचं दुमडलेलं कव्हर, बहुधा कुणीतरी घरी बसून हाताने दुमडलेलं, कारण घडी किंचित तिरकी आहे. आत चार घड्यांची गीतपत्रिका, झेरॉक्सची शाई फिकटलेली. काळ्या चकतीच्या मधलं भोक मोठं असेल तर त्यात आधी प्लॅस्टिकची चकती बसवावी लागते. एका मिनिटाला पंचेचाळीस फेरे. सुई टेकवली की दोन सेकंद नुसती खरखर, चुलीवर पाणी तापायला लागल्यासारखी. मग गाणं. एका बाजूला फार तर दोन गाणी, पाच मिनिटांत संपतं. आणि मग उठून उलटवावंच लागतं. दोन बँडनी एक चकती अर्धी अर्धी वाटून घेतलीय, तर अर्ध्यावर उठून जाता येत नाही. पाहुण्याला ऐकायला बसलात तर घरच्यालाही ऐकता. असं करत करत कुठल्या इंग्लिश गावातल्या चार माणसांना टोक्योत ऐकणारे मिळाले आणि टोक्योतल्या चौघांना तिकडे. नवी सीडी अडीच-तीन हजार येनला पडायची, ही जुनी तबकडी पाचशेच्या आत मिळायची. माझ्याकडे अशा एकतीस जमल्या.

२०१७ च्या वसंतात सेम्पाई मला शिमोकिताझावाच्या शेल्टरमध्ये घेऊन गेले. १९९१ पासून चालू असलेलं छोटंसं लाइव्ह हाउस, म्हणजे बँडचे कार्यक्रम होतात ती जागा. रस्त्यावरून जिना थेट तळघरात उतरतो. तिकिटाबरोबर एका पेयाचे पैसे वेगळे द्यायचे, ही तिथली सगळीकडची रीत. आत अडीचशे माणसं दाटीवाटीने मावतात. एरवी गाडीत खांद्याला खांदा लागला तर माफी मागणारी माणसं पहिल्या ठोक्याला एकमेकांवर कोसळायला लागली. माझा चष्मा उडाला. मला काही दिसेना, मी खाली वाकणार तेवढ्यात एका हाताने मला दंडाला धरून उभं केलं आणि दुसऱ्या कुणाच्या हाताने चष्मा सगळ्यांच्या डोक्यावर उंच धरला. तो हातोहात माझ्याकडे आला. काचेवर एक ओरखडा नव्हता. गाणं संपलं आणि सगळे एकदम शांत झाले. दोन गाण्यांच्या मधे त्या तळघरात इतकी शांतता होती की गायक गिटार जुळवताना तारेची कुरकुर ऐकू येत होती.

परत येताना सेम्पाई पहिल्यांदा भरभरून बोलले. ऑगस्ट २००० मध्ये चिबाच्या बेसबॉल मैदानावर हाय-स्टँडर्डचा ‘एअर जॅम’ हा सोहळा झाला, त्याला ते गेले होते. त्यानंतर बँड थांबला. कुणी निरोप घेतला नाही, समजावलं नाही. तिघं तीन दिशांना गेले. अकरा वर्षं. मग ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी. सेम्पाईंचं गाव ईशान्य किनाऱ्यावरच्या मियागी प्रांतात आहे. आईवडील वाचले, घराचा खालचा मजला गेला, त्यात त्यांच्या शाळकरी दिवसांतल्या कॅसेट्सही. त्या सप्टेंबरच्या १८ तारखेला योकोहामाच्या मैदानावर तिघं पुन्हा एकत्र उभे राहिले, ‘एअर जॅम’ पुन्हा झाला. पुढच्या वर्षी तो सोहळा मुद्दाम मियागीतच भरवला. “मदत घेऊन खूप लोक आले होते आमच्याकडे,” सेम्पाई म्हणाले, “त्यांचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी लोक आमच्याकडे नाचायला आले. आमचं गाव पुन्हा नाचायला येण्याची जागा झालं.” गाडीत त्यांच्या शेजारी बसून मी ‘मेकिंग द रोड’ची ती कोरी पट्टी आठवत होते. ती सीडी तेव्हा त्यांच्या टोक्योतल्या खोलीत होती म्हणून वाचली होती. आणि त्यांनी ती मला, कामावरच्या नव्या परदेशी मुलीला, न मागता दिली होती.

त्याआधीच्या ऑक्टोबरची, २०१६ ची, एक सकाळ इथे सांगायलाच हवी. सेम्पाई माझ्या टेबलापाशी आले. त्यांचे कान लाल झालेले. म्हणाले, दुपारी जेवायच्या सुट्टीत दुकानात जाऊया. का, ते सांगेनात. दुकानात गेलो तर हाय-स्टँडर्डची नवी सीडी मांडलेली. सोळा वर्षांनी नवी गाणी, आणि आधी एका शब्दाची जाहिरात नाही. सरळ दुकानात ठेवून दिली होती, जो दुकानात जाईल त्याला दिसावी म्हणून. ‘अनदर स्टार्टिंग लाइन’. ज्या काळात सगळं आधी फोनवर येतं त्या काळात या तिघांनी लोकांना पुन्हा दुकानाच्या दारापर्यंत चालवलं. आमच्या आसपास कोटातली, टायमधली, चाळिशीची माणसं उभी होती. कुणी बोलत नव्हतं. सेम्पाईंनी सीडी उचलली, उलटली, मागचा मजकूर वाचला, पुन्हा सुलटी केली. मग दोन घेतल्या. एक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ही परत करायची नाही.” ती सीडी ओरिकॉनच्या यादीत पहिली आली. पुढच्या वर्षी ‘द गिफ्ट’ हा अल्बम आला, अठरा वर्षांनंतरचा. त्यातही इंग्रजी पूर्वीसारखंच होतं. मला फार बरं वाटलं.

तोपर्यंत कचेरीतल्या कामातही माझा हात बदलला होता. अहवालात चूक चालत नाही, तिथे मी पूर्वीसारखीच काटेकोर होते. पण इंजिनिअर परदेशी सहकाऱ्यांना वैयक्तिक पत्रं लिहीत, आभाराची, निरोपाची, ती माझ्याकडे आली की मी अर्थ बिघडत नसेल तर तशीच ठेवू लागले. एकाने निवृत्तीच्या पत्रात लिहिलेलं एक वाक्य व्याकरणात कुठेच बसत नव्हतं. मी ते तीनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

मार्च २०१९ मध्ये मी पुण्याला परतले. निरोपाच्या दिवशी डबा सेम्पाईंकडून माझ्याकडे आला, आत एक सात इंची स्प्लिट आणि वर त्याच निळ्या कापडाची गाठ. डबा आईला परत दिला. आई म्हणाली, “अगं, आता त्यांना काहीतरी पाठवायला हवं ना?” हवंच होतं. पण साथ आली, पार्सलं थांबली, आणि मग दिवस गेले तसे गेले.

१४ फेब्रुवारी २०२३ ला त्सुनेओका गेले. एक्कावन्न वर्षांचे होते. बातमी वाचली तेव्हा मी एका पंपाच्या माहितीपुस्तकाच्या मध्यावर होते. ‘मेकिंग द रोड’ लावली आणि फक्त ड्रम ऐकले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बाकी सगळं कानामागे सारून. इतकी वर्षं ज्याला मी पायाखालची थरथर म्हणत होते, त्यात प्रत्येक ठोका वेगळा मारलेला होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी एखादी छोटीशी जागा घेतलेली, गाणाऱ्याला पुढच्या ओळीत हात देऊन चढवल्यासारखी. सेम्पाईंना काय लिहावं कळेना. रात्री त्यांचाच निरोप आला, दोन शब्दांचा: “ऐकतोय. तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी आईने रवा भाजायला घेतला. तिची परवानगी न विचारता मी तो डबा काढला, आणि तीच म्हणाली, “तोच पाठव. त्यात गेला तर परत येईल.” पोस्टाच्या अर्जावर वस्तूचं वर्णन लिहायचं होतं: डबा एक, लाडू अठरा.

एप्रिलच्या शेवटी डबा परत आला. घासलेला, सेम्बेईंनी भरलेला. या वेळी फुरोशिकी हिरवी होती. आत चिठ्ठी. कचेरीत नवीन मुलगा आलाय, तेवीस वर्षांचा, सेम्पाईंच्या हेडफोनमधला आवाज ऐकून त्याने विचारलं, काय ऐकताय. त्याला ‘मेकिंग द रोड’ दिली आहे, पट्टीसकट. तीन आठवडे झाले, अजून परत आलेली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं की रव्याच्या लाडवात तूप किती घालतात.